पहिला पत्ता तिच्या नावाचा

शारजाहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी 22 वर्षांची. शाळा तिथेच झाली, इंजिनिअरिंगही घरून ये-जा करत झालं. आता ऑक्टोबरमध्ये ती जर्मनीला मास्टर्ससाठी निघाली आहे. आईबाबा तीन आठवड्यांची रजा काढून सोबत जाणार आहेत. खोली लावायची, बँकेचं, विम्याचं सगळं मार्गी लावून परतायचं, असा बेत. ‘पोरगी बुजरी आहे हो, एकटीला जमेल का?’ असं त्या विचारतात.

ताई, जमेल. पण तीन आठवडे तुम्ही सोबत राहिलात, तर हे तिला स्वतःला कळायला उशीर होईल.

मी जर्मनीत बरीच वर्षं राहते आहे. आखातातून आलेल्या मुलांची एक गोष्ट मला नेहमी जाणवते. तिकडे त्यांचा व्हिसा बाबांच्या नोकरीला बांधलेला असतो. घराचा करार, विजेचं बिल, सगळं बाबांच्या नावावर. इथे मात्र राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन जायचं. मोठ्या शहरांत आधी वेळ ठरवावी लागते आणि ती लवकर मिळत नाही. मुलं रडकुंडीला येतात. मग एक दिवस शिक्क्याचा कागद हातात पडतो आणि त्यावर फक्त तिचं नाव आणि तिचा पत्ता असतो. त्या खिडकीशी बाबा पुढे होऊन बोलले, तर तो कागद बाबांनी मिळवलेला ठरतो.

पैशांचंही तसंच. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो तुम्ही भरलेच असतील. त्यातले महिन्याला 992 युरोच तिच्या हाती येतात. भाडं आणि विमा जाऊन फार उरत नाही. पहिल्या महिन्यात तिचा हिशोब चुकेल. लगेच वरचे पैसे पाठवू नका. रविवारी दुकानं बंद असतात, हेही घरातलं सगळं संपल्यावरच पक्कं लक्षात राहतं.

खरी कसोटी अभ्यासाची. बहुतेक व्याख्यानांना हजेरी घेतली जात नाही. परीक्षेला बसायचं तर मुदतीत आपणच नाव नोंदवायचं, कुणी आठवण करून देत नाही. अनेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी मिळतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदाही नापास झालं, तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो. क्लासचे सर आणि आईची हाक यांवर वाढलेल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं, हे मी फार जवळून पाहिलं आहे. म्हणून तारखांचा कागद तिच्या टेबलासमोर असू दे, तुमच्या फ्रिजवर नको. इथली कार्यालयं अजूनही टपालाने जर्मन पत्रं पाठवतात. तिने फोटो काढून तुम्हाला पाठवला, तर भाषांतर करून देऊ नका. ‘तुला काय कळलं ते सांग’ एवढंच विचारा.

बुजरेपणाबद्दल मात्र एक सांगते. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे 1928 मध्ये बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा विशीतच होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशभेदाचे मोठे पुरस्कर्ते. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशानुसार कवटीची ठेवण बदलते, हे गुरूंचं अनुमान त्या मोजमापांत काही दिसेना आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. परक्या गावात, परक्या भाषेत, गुरूंच्या मताविरुद्ध. तुमच्या मुलीला एवढं करायचं नाहीये, पण सेमिनारमध्ये ‘मला हे पटत नाही’ म्हणायची वेळ तिच्यावर येईल. इथले प्राध्यापक त्याने रागावत नाहीत, उलट गप्प बसणाऱ्याकडेच त्यांचं दुर्लक्ष होतं.

मग आईने काहीच करायचं नाही का? करायचं. रोज तीनदा व्हिडिओ कॉल नको, पण रविवारचा एक निवांत फोन चुकवू नका आणि त्यात मार्कांआधी झोप आणि जेवण विचारा. ती फोन टाळू लागली, दिवसचे दिवस खोलीत बसून राहिली, परीक्षेचा विषय निघाला की गप्प झाली, तर वाट पाहू नका. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचं आणि खाणावळींचं काम पाहणारी श्टुडिरेंडनवेर्क ही संस्था बऱ्याच शहरांत समुपदेशनही करते. तिला तिथे जायला सांगा आणि गरज पडली तर विमान पकडून या. अशा वेळी लुडबुड वाटेल का, याचा विचारही करू नका.

तुमची तीन आठवड्यांची रजा मे महिन्यासाठी ठेवा. तोवर तिचं एक सत्र झालेलं असेल, झाडांना पालवी आलेली असेल. तुम्हाला घ्यायला तिलाच स्टेशनवर येऊ द्या, तिकीट तिलाच काढू द्या. तिच्या खोलीतल्या एकुलत्या कढईत तिने केलेले पोहे खा. मीठ कमी असलं तरी वरून घालू नका.