कॅम्पमध्ये नुसती नाचगाणी, मग भाषा कधी?

प्रश्न: मुलीला समर कॅम्पला फ्रेंच शिकायला घातलंय, पण तिथे दिवसभर गाणी, खेळ नि स्वयंपाकच चालतो, वही कोरीच. पैसे पाण्यात गेले का हो?

उत्तर: छे हो! पीठ मळताना "ओत, थांब, अजून थोडं" हे शब्द पन्नासदा कानावर पडतात नि हातही तसेच चालतात, त्यामुळे ते न घोकताच डोक्यात बसतात, व्याकरण काय नंतरही येतं. अमेरिकेत मिनेसोटातलं कॉन्कॉर्डिया कॉलेज १९६१पासून असे कॅम्प चालवतंय, तिथे मुलं त्या भाषेतलं नवं नावसुद्धा घेतात. फक्त एवढं विचारा, की खेळाच्या सूचना फ्रेंचमध्येच देतात ना? घरच्याच भाषेत देत असतील तर मग ती नुसती धमाल. आणि प्लीज, पाहुण्यांसमोर "बोलून दाखव" करू नका!