टाइल्सवर पॅडिंग सरकतंय: सगळं चिकटवू नका, पण मोकळंही सोडू नका

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सिंहगड रोडला तळमजल्यावर फ्लॅट, मुलांची दहा बाय बाराची खोली, खाली दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. वॉल टू वॉल कार्पेट घालायचंय. त्याखाली घालायचं फोमचं पॅडिंग पसरून पाहिलं तर ते पायाखाली सरकतंय. कारागीर म्हणतो, सगळ्या फरशीला सोल्यूशन फासून चिकटवून टाकू. न्यू जर्सीचे मेहुणे म्हणतात, स्टेपल मारा, इकडे तसंच करतात.

मेहुण्यांचं त्यांच्या घरापुरतं बरोबर आहे. तिकडे बऱ्याच घरांत जमीन म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेलं प्लायवुड असतं. त्यात हॅमर स्टेपलरने कडेकडेने १५ ते २० सेंटिमीटरवर पिना मारत गेलं की काम झालं. आपल्याकडे खाली स्लॅब किंवा पीसीसी (सळईविना काँक्रीट), त्यावर टाइल. त्यात पिन घुसणारच नाही. कुणी होम थिएटरसाठी प्लायचा प्लॅटफॉर्म केला असेल तरच स्टेपलचा विचार करावा.

आता कारागिराचं म्हणणं. पूर्ण चिकटवायला माझा ठाम विरोध आहे. वॉल टू वॉल कार्पेट ताणून धरण्याचं काम पॅडिंगचं नसतंच, ते भिंतीलगतच्या ग्रिपर पट्टीचं, म्हणजे तिरके खिळे असलेल्या पट्टीचं असतं. पॅडिंगने फक्त जागा सोडायची नाही, आणि तेवढ्यासाठी कडा आणि जोड पकडले की पुरतं. पूर्ण चिकटवलेलं पॅडिंग पुढे काढायची वेळ आली, पाणी सांडलं, पाइप गळला, की फोमचे तुकडे फरशीवरून पत्र्याने खरवडत बसावं लागतं. मुलांच्या खोलीत पाणी सांडणारच.

मात्र अगदी मोकळं सोडलं तरी चालत नाही. कार्पेट किकरने (गुडघ्याने ढकलायचं ताणण्याचं अवजार) भिंतीकडे ताणताना खालचं पॅडिंगही त्याच्याबरोबर ढकललं जातं. मग कुठे जोड उघडतो, कुठे दुमड येते, आणि ते वरून चालताना जाणवतं. पलंग ओढला की आणखी बिघडतं.

पण या सगळ्याच्या आधी ओल. तळमजला म्हटलात म्हणून यावर जरा जास्त लिहितो. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, पण टाइल्सच्या सांध्यांतून खालची ओल वर येते. उघड्या फरशीवर ती उडून जाते, त्यामुळे वर्षानुवर्षं कळतही नाही. वर फोम आणि कार्पेट आलं की तीच ओल आत कोंडते आणि वास धरतो. तपासायला सोपं आहे: दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चार टाइल्स जिथे मिळतात त्या सांध्यावर ठेवा, चारही कडा टेपने बंद करा, आणि किमान १६ तास हात लावू नका. मी पूर्ण दिवस ठेवायला सांगतो. उचलल्यावर आतून बाष्पाचे थेंब दिसले किंवा सांधा काळपट झाला असेल तर कार्पेटचं काम थांबवा. बाहेरच्या भिंतीजवळ एक आणि खोलीच्या मध्ये एक, अशा दोन जागा तरी तपासा. स्कर्टिंगच्या वर रंगाचे पोपडे आले असतील तर तेही सांगतातच. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तळमजल्यावर हे काम काढूच नका. पाऊस संपून ऑक्टोबरची उन्हं पडू द्या, मग नोव्हेंबरनंतर निवांत करा. उन्हाळ्यात मात्र केवळ तेव्हाच्या तपासणीवर विसंबू नका, पावसाळ्यात त्या खोलीची फरशी कशी असते ते आठवा.

फरशी कोरडी निघाली तर पुढचं. रोज फिनाईल किंवा डिटर्जंट टाकून पुसलेल्या टाइलवर एक पातळ थर बसलेला असतो, त्यावर ना टेप धरत ना सोल्यूशन. साध्या पाण्याने दोनदा पुसा, वाळल्यावर कडेची वीतभर पट्टी आणि जिथे पॅडिंगचे जोड येणार ती जागा थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

मग ग्रिपर पट्टी. भिंतीपासून साधारण ६ मिलिमीटर सोडून, खिळ्यांची टोकं भिंतीकडे झुकलेली. टाइलवर खिळे ठोकून पट्टी बसवू देऊ नका, टाइल तडकते. चांगल्या बांधकामाच्या अॅडेसिव्हने चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. अर्धवट वाळलेल्या पट्टीवर कार्पेट ताणलं तर पट्टीच उखडते. ही पट्टी लाकडाची असते, तेव्हा वाळवीचा इतिहास असेल तर आधी पेस्ट कंट्रोल.

पॅडिंग पट्टीच्या आतल्या कडेला टेकेल असं कापा, तिच्यावर चढता कामा नये, नाहीतर खिळे कार्पेटला धरणार नाहीत. ज्या बाजूला प्लास्टिकची फिल्म किंवा जाळी असेल ती बाजू वर, म्हणजे ताणताना कार्पेट तिच्यावरून सहज सरकतं. दोन तुकडे एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका. पॅडिंगचा जोड आणि कार्पेटचा जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका, निदान वीतभर अंतर हवं.

चिकटवायचं ते एवढंच: चारही कडांना चार बोटं रुंद पट्टा, प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना तसाच पट्टा, आणि मध्ये हवं तर चार-पाच ठिपके. पाण्यातलं कार्पेट अॅडेसिव्ह मिळालं तर तेच घ्या, मुलांच्या खोलीत वासाचा त्रास कमी. नाहीच मिळालं तर फेविकॉल एसआर ९९८ सारखं रबरी सोल्यूशन चालतं, पण ते दोन्ही पृष्ठभागांना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मगच दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. त्याची वाफ पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि त्या वेळात देवापुढचा दिवासुद्धा विझवा. जोडावर वरून कापडी डक्ट टेप लावा. खोक्यांना लावतात तो ब्राउन टेप नको, चालताना कुरकुरतो आणि काही दिवसांनी सुटतो.

पॅडिंग कोणतं घेतलंय ते तुम्ही लिहिलं नाही. गादीवाल्याकडचा ३२ किंवा ४० डेन्सिटीचा फोम असेल तर परत करा. तो पायाखाली दबत राहतो आणि त्यामुळेच जास्त सरकतो. रिबाँड फोम (फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला) घ्या, ९० ते १०० डेन्सिटीच्या आसपास, जाडी ८ ते १० मिलिमीटर. ११ च्या वर जाऊ नका. जास्त जाड म्हणजे जास्त आरामदायी असं दुकानात सांगतात, पण जाड-मऊ पॅडिंगवर कार्पेट खालीवर होत राहतं आणि त्याचे जोड उसवतात.

घर भाड्याचं असेल तर ग्रिपर आणि सोल्यूशन दोन्ही विसरा. भिंतीपासून फूटभर आत राहील असं कडा शिवलेलं कार्पेट आणि खाली रबरी अँटी-स्लिप जाळी, एवढंच करा. अकरा महिन्यांच्या करारावर डिपॉझिट कापून घेण्यासारखं काही फरशीला लावू नये.

दरवाजाचंही बघा. पॅडिंग ८ आणि कार्पेट १२ धरलं तरी जमीन २० मिलिमीटर वर येते. दार आत उघडत असेल तर ते खालून रंधून घ्यावं लागेल, आणि ते काम पॅडिंग पसरायच्या आधी उरकून घ्या, भुसा फोममध्ये अडकला की निघत नाही.