स्मार्ट लॉक उघडलंच नाही तर घरात शिरायचं कसं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, ठाण्याला दोघंच राहतात आणि तुम्ही बंगळुरूला. त्यांच्या दाराला स्मार्ट लॉक बसवून दिलंत, आणि आता बॅटरी संपली किंवा बोटाचा ठसा लागला नाही तर दोघं जिन्यात अडकतील, या विचाराने तुमची झोप उडाली आहे. मी डोंबिवलीत हार्डवेअरचं दुकान चालवतो, ही कुलपं विकतो आणि बसवूनही देतो. उघडत नाही म्हणून येणारे फोन मलाच घ्यावे लागतात. त्या अनुभवावरून सांगतो, बॅटरीची काळजी तुम्ही गरजेपेक्षा जास्त करताय आणि दाराची व कडीची अजिबात करत नाही.

बॅटरीचं आधी उरकून टाकू. बहुतेक कुलपांत ४ डबल-ए सेल असतात, काहींत ८. ते संपत आले की कुलूप आधीपासून कुरकुर करायला लागतं: दार उघडताना वेगळा बीप येतो, लाल दिवा लागतो, अ‍ॅपवर निरोप येतो. घरातली मंडळी दुर्लक्ष करतात, कारण दार तर उघडतंय ना! मग एके दिवशी पॅनेलवर दिवाच लागत नाही.

त्यासाठीच कुलपाच्या बाहेरच्या भागाच्या तळाशी सोय दिलेली असते. उभं राहून ती दिसत नाही, वाकून मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो. तिथे एकतर टाइप-सी किंवा जुन्या धाटणीचा मायक्रो यूएसबी पोर्ट असतो, नाहीतर दोन बारीक धातूचे ठिपके. पोर्ट असेल तर कुणाचीही पॉवर बँक चालते. ठिपके असतील तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. आणि इथेच लोक चुकतात. बॅटरी टेकवतात, बीप ऐकला की काढून घेतात आणि मग बोट लावतात. अहो, ती बॅटरी कुलूप चार्ज करत नसते, टेकवलेली असते तेवढाच वेळ वीज देते. एका हाताने ती दाबून धरायची, दुसऱ्या हाताने कोड टाकायचा आणि दार उघडेपर्यंत सोडायची नाही. ही बॅटरी अल्कलाइनच घ्या. स्वस्तातली झिंक-कार्बन घेतली तर दिवे लागतात, पण मोटरने जोर मागितला की ती बसते.

आतले सेलही अल्कलाइनच हवेत. रिचार्जेबल घालून पैसे वाचवायचा मोह होतो, पण तो सेल १.५ऐवजी १.२ व्होल्टचा असतो. शेवटपर्यंत तेवढाच दाब देतो आणि मग एकदम ढेपाळतो, त्यामुळे आधी इशारा द्यायला कुलपाला सवडच मिळत नाही. एक सेल नवा आणि तीन जुने, असंही करू नका.

आता मुख्य मुद्दा. कुलपाबरोबर दोन-तीन साध्या चाव्या येतात. त्या कुठे आहेत, हे आज आईला फोन करून विचारा. मी ज्या ज्या घरी विचारलं, तिथे बहुतेकदा उत्तर एकच मिळालं: कुलपाच्या खोक्यात, खोकं माळ्यावर. म्हणजे दाराच्या आत! घरात शिरण्याची दुसरी सोय घराच्या बाहेर असली पाहिजे आणि ती विजेवर चालणारी नसली पाहिजे. एक चावी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे, एक जवळ राहणाऱ्या नातेवाइकाकडे, आणि तुमच्याकडे बंगळुरूत हवी असेल तर तिसरी. पायपुसण्याखाली, कुंडीत किंवा वॉचमनच्या टेबलात नको. ९ व्होल्टची बॅटरीही त्याच शेजाऱ्याकडे ठेवा.

चावी घालायचं भोक समोर दिसत नाही. कुठे खालच्या बाजूला झाकणामागे असतं, कुठे हँडलच्या टोकाला, आणि झाकण सरकवायला नख किंवा पिन लागते. आई-बाबांकडून हे एकदा करवून घ्या, तेही दार उघडं ठेवून. न वापरलेलं सिलिंडर, म्हणजे चावी ज्यात फिरते तो कुलपाचा भाग, आखडतं, खाडीच्या दमट हवेत तर लवकरच. अधूनमधून चावी फिरवत राहा. जड वाटली तर खोबरेल तेल ओतू नका, त्याला धूळ चिकटते आणि पुढच्या वर्षी काम दुप्पट होतं. पेन्सिलीच्या शिशाचा बारीक भुगा करून चावीच्या दात्यांवर चोळा, चावी चार वेळा आत-बाहेर करा, मोकळी होते.

ठशाचं म्हणाल तर वयस्कर माणसांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या हातांचं काय सांगावं. सेन्सरला दोष देऊन उपयोग नाही. दोन्ही हातांची मिळून चार-पाच बोटं नोंदवा, कारण उजव्या हातात भाजीची पिशवी असते. आईचा ठसा सगळ्यात अवघड जात असेल तर तेच बोट दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा तिरकं. तरीही त्यांच्यासाठी मी कुलपाला टेकवलं की दार उघडणारं कार्ड किंवा टॅगच देतो. पर्समध्ये एक कार्ड असलं की विषय संपला. कार्ड हरवलं तर मात्र अ‍ॅपमधून लगेच काढून टाका.

कोड दोघांच्या लक्षात राहील असा हवा, पण जन्मसाल किंवा फ्लॅटचा नंबर नको. जुन्या लँडलाइनचे आकडे लोकांना अजून तोंडपाठ असतात, ते उलटे करून घ्या. चुकीचा कोड लागोपाठ टाकला की कुलूप काही मिनिटं कुणाचंच ऐकत नाही. बिघडलं समजून त्याला बडवू नका, थांबा.

आता दाराबद्दल. जून-जुलैमधल्या तक्रारींत ‘मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण उघडत नाही’ हीच जास्त असते. पावसाळ्यात लाकडी दार आणि चौकट फुगते, आणि बोल्ट, म्हणजे कुलपाची चौकटीत शिरणारी जीभ, चौकटीतल्या पट्टीला घट्ट घासून बसतो. साध्या चावीने आपण नकळत जोर लावून उघडायचो, छोट्या मोटरला तो जोर नसतो. अशा वेळी हँडल धरून दार स्वतःकडे घट्ट ओढायचं, तसंच धरून कोड टाकायचा. नाही उघडलं तर आत ढकलून धरायचं आणि पुन्हा टाकायचा. बोल्टवरचा ताण गेला की तो सुटतो. हे आई-बाबांना नक्की शिकवा. कायमचा उपाय सुताराचा आहे: बिजागरीचे स्क्रू आवळायचे, पट्टीचं भोक कानशीने थोडं मोठं करायचं. असं घासणारं कुलूप बॅटरीही भराभर खातं. कंपनीचा माणूस नवं कुलूप खपवायला बघेल, त्याआधी सुताराला दाखवा.

आणि कडी. तुमच्या परिस्थितीत मला याचीच खरी धास्ती वाटते. आपल्याकडे रात्री आतून वरची कडी आणि खालचा अडसर लावल्याशिवाय कुणाला झोप येत नाही. ती लावली की ठसा, कोड, कार्ड, चावी, सगळं फुकट. बाबा रात्री बाथरूमच्या वाटेवर पडले आणि आईला दारापर्यंत येता आलं नाही, तर शेजारी चावी हातात घेऊन बाहेर उभा. कडी काढून टाका म्हटलं की म्हातारी माणसं नाराज होतात. मग निदान कुलपातलं आतलं डबल लॉक, म्हणजे आतून लावलं की बाहेरून सहसा उघडू न देणारी कुलपातलीच सोय, वापरायची सवय लावा. पण ते लावल्यावरही बाहेरून उघडण्याचा एक मार्ग राहतो का, ते मॉडेलवर ठरतं. काहींत साधी चावी चालते, काहींत फक्त मालकाचा मुख्य कोड, काहींत काहीच नाही. माहितीपत्रकावर विसंबू नका. एकाला आत ठेवा, डबल लॉक लावायला सांगा आणि बाहेरून एकेक उपाय करून बघा. जाळीच्या सेफ्टी डोअरलाही आतून कडी असतेच, तीही या हिशोबात धरा.

बंगळुरूहून दार उघडून द्यायचं असेल तर दोन रस्ते आहेत. एक वायफायचा, त्यासाठी ठाण्यातला राउटर चालू हवा, म्हणजे लाइट गेल्यावरही तो इन्व्हर्टरवर हवा. दुसरा तात्पुरत्या कोडचा. काही कुलपं असा कोड इंटरनेटशिवाय ओळखतात, कारण अ‍ॅप आणि कुलूप दोघंही एकाच गुप्त आकड्यावरून आणि वेळेवरून तो काढतात. तुम्ही फोनवर शेजाऱ्याला आकडे सांगायचे, की झालं. मला हा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो. फक्त कुलपातलं घड्याळ पुढे-मागे झालं तर कोड लागत नाही, म्हणून सेल बदलल्यावर कुलपाशेजारी उभं राहून अ‍ॅपमधून वेळ जुळवून घ्यायची. मालकी हक्काचं खातं तुमच्या नंबरवर ठेवा, बाबांच्या जुन्या फोनवर नको.

चेहरा ओळखणारं मॉडेल घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय. हौस असेल तर घ्या, पण बॅकअप म्हणून त्याचा उपयोग नाही. तेही त्याच बॅटरीवर चालतं.

आत कुणी पडलेलं आहे किंवा हाकेला ओ देत नाही, अशी शंका आली तर चावीवाला शोधत बसू नका. शेजाऱ्यांना सरळ १०१ला फोन करायला सांगून ठेवा. बंद दार उघडणं अग्निशमन दलाचं नेहमीचं काम आहे. त्यांनी दार फोडलं तर फोडू दे, ते नंतर सुताराकडून नीट करून घेता येतं.