बिल फोर्साइथ यांचे चित्रपट कुठून पाहायला सुरुवात करावी?
‘ग्रेगरीज गर्ल’ (१९८१) आधी पाहा, मग ‘लोकल हिरो’ (१९८३). स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १९४६ साली जन्मलेल्या या दिग्दर्शकाने ‘दॅट सिंकिंग फीलिंग’ हा पहिला चित्रपट अगदी तुटपुंज्या पैशांत, तिथल्या युथ थिएटरच्या पोरांना घेऊन केला. त्याच पोरांपैकी काही जण ‘ग्रेगरीज गर्ल’मध्ये आहेत, म्हणून फोर्साइथ यांची हातोटी इथे लगेच कळते. ‘लोकल हिरो’त अमेरिकी तेल कंपनी समुद्रकाठचं अख्खं गाव विकत घ्यायला येते आणि गावकरी विकायला एका पायावर तयार! दिग्दर्शनाचा बाफ्टा (ब्रिटिश चित्रपट पुरस्कार) फोर्साइथ यांना याच चित्रपटासाठी मिळाला. मी हे चित्रपट क्रमाने पाहिलेत, त्यावरून सांगतोय. फक्त ‘बीइंग ह्यूमन’वरून (१९९४) त्यांना जोखू नका; स्टुडिओने त्यात बरीच ढवळाढवळ केली होती.