प्रश्नावली ‘व्हॅलिडेट’ केली, हे मराठीत कसं लिहायचं?

प्रश्न असा आलाय की अंगणवाडी सेविकांच्या ट्रेनिंगनंतर भरून घेतलेल्या फॉर्मचा रिपोर्ट मराठीत लिहायचाय, तर ‘प्रश्नावली व्हॅलिडेट केली’ (म्हणजे जे मोजायचंय तेच ती मोजते का हे पाहिलं) याला वैधता, प्रमाणीकरण की सप्रमाणता?

प्रमाणीकरण नको, ते स्टँडर्डायझेशनसाठी वापरतात, म्हणजे मोठ्या गटाला चाचणी देऊन नॉर्म्स (गुणांची तुलना करायची मानकं) ठरवणं वगैरे, ते तुम्ही केलेलं नसणार. वैधता चालतं, बरेच जण लिहितात, पण मला त्याला लायसन्सचा वास येतो, वैध परवाना, वैध तिकीट. बीएड-एमएडच्या पुस्तकांत सप्रमाणता असतं आणि रिलायबिलिटीला विश्वसनीयता, मी तेच लिहीन. क्रियापद मात्र ‘सप्रमाणित केली’ असलं काही बनवू नका, सरळ ‘प्रश्नावलीची सप्रमाणता तपासली’ म्हणा.

आता खरी गडबड. लोक लिहितात, ‘अल्फा 0.85 आला, म्हणून प्रश्नावली सप्रमाण आहे.’ अहो, क्रॉनबॅकचा अल्फा (1951 चा) विश्वसनीयतेच्या खात्यातला, प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का एवढंच तो सांगतो. हॉल आवडला का, जेवण आवडलं का, मॅडमचं बोलणं आवडलं का असे 10 प्रश्न टाकले तर खूश झालेली बाई सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’वर टिक करते आणि अल्फा मस्त येतो, पण बाळाचं वजन ग्रोथ चार्टवर मांडता येतं का ते कुठे कळलं? ट्रेनिंगचं मूल्यमापन करायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्यांपैकी ही फक्त पहिली, प्रतिक्रिया. ‘कामात उपयोग झाला’ हे वाक्य ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी विचारणं तर कमालच, अजून बाई अंगणवाडीत परत गेलेलीच नाही! ते वर्तनाच्या, म्हणजे तिसऱ्या पातळीचं, दोन-तीन महिन्यांनी विचारा.

तज्ज्ञांना प्रश्न दाखवून ‘हा आवश्यक आहे का’ विचारलं असेल तर ती आशय सप्रमाणता. त्यात लॉशेचं 1975 चं सूत्र आहे, आवश्यक म्हणणाऱ्यांतून एकूण तज्ज्ञांच्या निम्मे वजा करायचे आणि त्या निम्म्यांनीच भागायचं. 10 पैकी 8 जण हो म्हणाले तर 3 भागिले 5, 0.6. ऐकायला छान, पण 10 तज्ज्ञांसाठी त्याच्या तक्त्यात किमान 0.62 लागतो, म्हणजे प्रश्न बाद (लोक इथे हळूच राउंड ऑफ करतात).

पायलटला (खऱ्या फॉर्मआधी थोड्या जणींवर करून बघतात ती) पूर्वचाचणी म्हणा, आणि ती करताना दोन-चार सेविकांना प्रश्न मोठ्याने वाचून काय कळलं ते सांगायला लावा. ‘प्रशिक्षक तज्ज्ञ होते व वेळेवर आले’ हे एका वाक्यात दोन प्रश्न, सर हुशार पण लेट असतील तर तिने टिक कुठे करायची? आणि ‘तटस्थ’च्या जागी ‘सांगता येत नाही’ छापू नका, पहिलं मत आहे, दुसरं मत नसणं आहे, एन्ट्री करणारा दोन्हीला 3 च (पाच पर्यायांतला मधला आकडा) टाकतो.