तिसऱ्या पानावर उडू नकोस

सांगली

प्रिय पोरा,

तुझी चित्रकथेची वही वाचून झाली. रेषेत जोर आहे, पुराचं पाणी तर झकास उतरलंय. तक्रार आहे ती गोष्टीबद्दल. पहिल्या पानावर सांगलीवाडीत पाणी शिरतं, दुसऱ्यावर नायकाची आई वाहून जाते आणि तिसऱ्यावर हा गडी कृष्णेवरून उडायला लागतो. आईच्या वाट्याला एक पान, त्यातलंही अर्धं ढगांनी खाल्लेलं!

ही घाई तुझ्या एकट्याची नाही. बॅटमॅनच्या आईवडिलांचा खून १९३९ मध्ये पहिल्यांदा चितारला गेला, तोही दोनेक पानांत उरकला. पोरगं मेणबत्तीजवळ बसून शपथ घेतं, शिकतं, शरीर कमावतं आणि मुखवटा चढवतं. ते रात्री कुणाजवळ झोपलं, जेवलं का, याचा पत्ता नाही. १९८८ मध्ये तर बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, दुसरा रॉबिन, याला जगवायचं की मारायचं, हे वाचकांनी फोनवरून मतं देऊन ठरवलं. ५,३४३ विरुद्ध ५,२७१. ७२ मतांनी पोरगं गेलं. (पुढे त्याला परत जिवंत केलं म्हणा. या धंद्यात मेलेलं माणूस फार दिवस मेलेलं राहत नाही.)

मला या गोष्टी पटतात त्या शरीरापाशी आल्या की. २०१३ च्या ‘आयर्न मॅन ३’ सिनेमातला टोनी स्टार्क, म्हणजे खुद्द आयर्न मॅन, न्यूयॉर्कची लढाई जिंकून आलाय, पण त्याला झोप नाही. एक लहान पोरगा न्यूयॉर्कचा विषय काढतो आणि याला श्वास घेता येईना. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. २०१९ च्या पुरात आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आता इशारा पातळीचे ४० फूट लांब असतात, तरी कोयनेतून विसर्ग वाढवला म्हटलं की लोक रेशनकार्ड आणि सातबारा माळ्यावर चढवतात, रात्रीत चारदा उठून ‘आयर्विनला किती झालं?’ विचारतात. तुझा नायक उडतो ना? मग जुलैत पावसाची झड लागल्यावर त्याचे हात कापू देत. नदीवरून जायचं म्हटलं की पोटात गोळा येऊ दे.

आणि आईचा देह सापडला का, हे तू लिहिलंच नाहीस. तुझी खरी गोष्ट तिथं आहे. देह नाही, तर दहावा कधी धरायचा? मामा म्हणणार, विधी उरकून टाकू. बाप म्हणणार, अजून वाट बघू, कुठल्यातरी गावाला लागली असेल. घरात चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ, दारात पंचनाम्याला आलेला तलाठी विचारतोय, ‘घरात माणसं किती?’ या प्रश्नाला पोरगं काय उत्तर देतं? चार पानं नुसती यावर दे.

‘ब्लॅक पँथर’ सिनेमाचा नायक झालेला नट चॅडविक बोसमन २०२० मध्ये वारला, त्यानंतरचा ‘वाकांडा फॉरएव्हर’ बघ. त्यात त्याचं पात्रही मेलेलं आहे. वर्षानं त्या पात्राची आई त्याच्या बहिणीला, शुरीला, नदीकाठी नेऊन म्हणते, सुतकाचे कपडे जाळून टाक. पोरगी तयार होत नाही. पुढे सूडाच्या वाटेला लागते, मारामाऱ्या होतात (त्या जरा लांबल्याच), आणि कपडे जळतात ते पार शेवटी. वर्षश्राद्धाला पाटावर बसायला नकार देणारी पोरं आपल्याही घरात असतात. म्हणून तर ते दृश्य मला लागलं.

तुझा नायक शेवटी बेकायदा वाळू उपसणाऱ्याला पुलावरून फेकतो आणि त्याला एकदम शांत झोप लागते. हे मला पटलं नाही. फेकायचं तर फेकू दे, पण त्या रात्रीही त्याला जाग येऊ दे. त्याच्याजवळ बसायला कुणीतरी लागेल. मावशी चालेल, शाळेतले सर चालतील, छावणीत शेजारी झोपणारा म्हातारा तर उत्तम. त्याला शहाणपणाचे संवाद देऊ नकोस, नुसता तंबाखू मळत बसू दे.

हे सगळं काढताना तुझीच झोप उडाली, तर वही बाजूला ठेव आणि मला फोन कर. मी नाही उचलला तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

उडण्याचं पान फाडू नकोस, चित्र चांगलं जमलंय. फक्त त्याचा नंबर बदल. ३ खोडून ३० कर आणि मधली पानं पाठव.

तुझा,
काका