काउंटरवरच्या अस्वच्छतेची दाद कुठे मागावी?

प्रश्न : दादर स्थानकाबाहेरील फास्ट फूडच्या काउंटरवर मुलाने नोटा मोजलेल्या हातानेच बर्गरचा पाव उचलला, काळपट ओल्या फडक्याने ट्रे पुसला आणि हटकल्यावरही मोबाइलमधून मान वर केली नाही. काय करावे?

उत्तर : आपला संताप अगदी रास्त आहे. ओले फडके तर मला हातांहूनही घातक वाटते, कारण एका ट्रेवरची घाण ते दिवसभर दुसऱ्यावर पसरवत राहते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५६ नुसार अस्वच्छ स्थितीत खाद्यपदार्थ बनवणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बिलावरील १४ अंकी परवाना क्रमांक, तारीख, वेळ व छायाचित्र जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच अवश्य घ्यावी. दुर्लक्षाबद्दल मात्र व्यवस्थापकालाच जाब विचारावा.